डीटीपीची खुर्ची सोडून एसईओवर घर चालवताना : सांगली-मिरजेतल्या दहा महिन्यांच्या नोंदी

सांगलीतल्या एका छापखान्यात मी अकरा वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी, केलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, दवाखान्यांच्या फायली. मे २०२४ मध्ये छापखाना बंद झाला. शेवटचा पगार १३,५०० रुपये होता आणि बँकेत ६२,००० शिल्लक होते. दुकानं, दवाखाने गुगलवर नीट सापडावेत यासाठीचं काम, म्हणजे एसईओ, करून घर चालवायचं असं ठरवलं. आपल्याच गावात राहून हे करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून तारखेनिशी लिहिते आहे. गेलेले पैसे आणि दिवस जसेच्या तसे दिले आहेत.

१७ जून २०२४

आतापर्यंतचा खर्च : एका क्लासची फी १४,०००, डोमेन (वेबसाईटचा पत्ता) ६४९, वर्षाचं होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) २,३८८. क्लासमध्ये साधनांची नावं पाठ झाली, पण एकाही खऱ्या वेबसाईटला हात लावायला मिळाला नाही. फी भरण्याआधी 'प्रत्यक्ष कुणाच्या साईटवर काम करायचं?' एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी चूक माझीच. बारा दिवस स्वतःची वेबसाईट सजवण्यात घालवले. रंग, लोगो, 'आमच्या सेवा'. ती बघायला कोणी आलं नाही. नवीन साईट, त्यात मोठ्या शहरांतल्या कंपन्यांशी स्पर्धा, त्यामुळे शोधातून पहिलं गिऱ्हाईक येणं अवघडच होतं. आज लॅपटॉप मिटला आणि ज्यांची कार्डं मी जुळवली होती त्यांची यादी काढली.

२१ जून

चार दिवसांत १४ दुकानं फिरले. बोलण्याची सुरुवात एकच : 'तुमचं दुकान गुगलवर कसं दिसतं ते तुमच्याच फोनवर दाखवते.' माझ्या लॅपटॉपवर दाखवलं की लोकांना ते जाहिरातीसारखं वाटतं. त्यांच्या फोनवर दाखवलं की खुर्ची पुढे ओढतात.

एक गोष्ट अनपेक्षितपणे कामी आली. गुगल बिझनेस प्रोफाइलबरोबर, म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीबरोबर, पूर्वी फुकट एकपानी वेबसाईट मिळायची. त्या साईट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. त्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवलं जायचं, तेही १० जूननंतर थांबलं. चौदापैकी पाच दुकानांच्या कार्डांवर हाच मेलेला पत्ता होता आणि त्यातली तीन कार्डं मीच जुळवली होती. मालकांना ते माहीत नव्हतं. पत्ता उघडत नाही हे त्यांच्यासमोर दाखवल्यावर बोलणं पुढे गेलं.

दोघांनी 'बघूया' म्हटलं. त्यातल्या एक विश्रामबागेतल्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टर मॅडम.

२९ जून

मॅडमशी ठरलं की एक महिना फुकट, पण नवीन पेशंटला 'नंबर कुठून मिळाला?' हे विचारून रिसेप्शनवरच्या ताईंनी वहीत लिहायचं. ही वही पुढे माझ्या सगळ्या कामाचा आधार झाली, म्हणून हिला पहिल्या दिवसापासून धरा.

क्लासमध्ये शिकवलं होतं की कीवर्ड प्लॅनर, म्हणजे लोक कोणता शब्द किती शोधतात ते दाखवणारं गुगलचं साधन, उघडायचा आणि शब्द काढायचे. जाहिरातीवर पैसे न भरणाऱ्याला तो नेमका आकडा देत नाही, '१० ते १००' अशी ढोबळ पट्टी देतो. सांगलीपुरत्या मराठी शब्दांना तर बहुतेक वेळा रिकामंच. मग दोन दुपारी रिसेप्शनच्या बाकावर बसले आणि फोनवर लोक काय बोलतात ते लिहून घेतलं. 'कंबर धरली.' 'मान अवघडली.' 'नस दबली म्हणालेत.' 'हात वर जात नाही.' 'गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम घरी येऊन करून घ्याल का?' हा शेवटचा प्रश्न दोन दिवसांत सात वेळा आला. मॅडम घरी जातात, पण ते ना बोर्डावर होतं, ना प्रोफाइलवर.

एकानेही 'मस्क्युलोस्केलेटल रिहॅबिलिटेशन' म्हटलं नाही आणि मॅडमच्या जुन्या पत्रकात पहिला शब्द तोच होता.

८ जुलै

प्रोफाइलवर सेवा नीट भरल्या, वेळा दुरुस्त केल्या, घरी येण्याची सेवा जोडली, आतले-बाहेरचे १८ फोटो टाकले. आणि एक आगाऊपणा केला. दवाखान्याच्या नावापुढे 'कंबरदुखी, मानदुखी उपचार सांगली' असं जोडलं. आसपासच्या तिघांनी तसं केलेलं दिसत होतं आणि ते वर होते.

११ जुलै

प्रोफाइल निलंबित. नकाशावरून दवाखाना गायब. नियम साधा आहे, बोर्डावर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर हवं. तो मी वाचला होता, तरी मोडला. शेजारच्याचं चालतं म्हणून आपलं चालेल हा हिशेब यात धरू नका.

मॅडमना फोन करून जे केलं ते सांगितलं. लपवलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांना पेशंटकडून कळलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, 'परत कधी येईल ते सांगा.' मला ते सांगता आलं नाही.

३० जुलै

आज प्रोफाइल परत आलं. एकोणीस दिवस गेले. वहीत त्या काळात गुगलवरून आलेले फोन दोन, तेही आधी नंबर साठवून ठेवलेल्यांचे. बाहेर पाऊस थांबत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष, आणि माझं लक्ष ईमेलकडे.

कुणावर ही वेळ आली तर हे लक्षात ठेवा. आधी नाव मूळ रूपात आणायचं आणि मगच अपील. अपील सुरू केलं की पुरावे जोडायला ६० मिनिटं मिळतात, ती संपली की खिडकी बंद. मी कागद गोळा न करताच अपील उघडलं. वीजबिल घरमालकाच्या नावावर निघालं, भाडेकरार मॅडमच्या घरी होता, तासाभरात चारपैकी दोनच कागद चढले आणि अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्या वेळी सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून बसले : बोर्डाचा रस्त्यासह फोटो, भाडेकरार, त्यातल्या घरमालकाच्या नावाशी जुळणारं वीजबिल, दवाखान्याच्या नावाची पावती. मग अकरा मिनिटांत काम झालं.

त्या महिन्याचे पैसे नव्हतेच. दुसरा महिनाही फुकट करते असं मी स्वतःहून सांगितलं. मॅडमनी अर्धाच फुकट घेतला.

१७ ऑगस्ट

पहिली कमाई, ३,००० रुपये, यूपीआयने. इथून पुढे दरमहा तेवढेच ठरले.

गेल्या पंधरा दिवसांत वहीनुसार गुगलवरून ११ नवीन फोन, त्यातले चार घरी येण्यासाठी. रिव्ह्यू मागण्यासाठी मी टेबलावर ठेवायचं छोटं क्यूआर कार्ड छापलं, इथे जुना धंदा उपयोगी पडला. रिसेप्शनवरच्या ताईंना वाटत होतं की रिव्ह्यू देणाऱ्याला पुढच्या वेळी ५० रुपये सूट द्यावी. ते गुगलच्या नियमात बसत नाही, म्हणून थांबवलं. बऱ्या झालेल्या माणसाला शेवटच्या दिवशी मॅडमनी स्वतः विचारलं तर लोक आनंदाने लिहितात, आणि 'आता हात वर जातो' असं त्यांच्याच शब्दांत लिहितात. आपण दहा पानं लिहून जे साधत नाही ते त्या एका वाक्याने साधतं.

२२ ऑगस्ट

दुसरं काम मिरजेत. सतारमेकर गल्लीत तानपुरे आणि सतारी करणारे चाचा, सत्तरीच्या पुढचे. त्यांचा मुलगा छापखान्यात बिलबुकं छापायला यायचा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून बाहेरचे फोन वाढलेत. पण त्यांची साईट शोधली तर सापडत नाही.

चाचा म्हणाले, 'बेटा, पुण्याचा माणूस फुटका तानपुरा घेऊन इथवर येईल का? आधी त्याला पटायला हवं की पाठवला तर नीट परत येतो.'

या एका वाक्याने कामाची दिशा ठरली. गुगल नकाशावरचं स्थान तीन गोष्टींवर ठरतं : शोधाशी जुळणं, अंतर आणि दुकानाची ओळख. पुण्यात बसून 'तानपुरा दुरुस्ती' शोधणाऱ्याला नकाशात मिरजेचं दुकान अंतरामुळे दिसणं कठीण. मॅडमचं काम नकाशावर चालतं, पेशंट पाच किलोमीटरच्या आतला. चाचांचं काम वेबसाईटच्या पानांवरच चालणार. गिऱ्हाईक मिळालं की पहिल्या दिवशी मी आता हेच बघते : येणारा माणूस किती लांबून येणार आहे?

एकरकमी ९,००० ठरले, निम्मे आगाऊ घेतले. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च त्यांचा, त्यांच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलने. जुनी साईट ज्याने केली होती त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि आता तो फोन उचलत नाही, म्हणून नव्यानेच सुरुवात. त्या पत्त्याची सात वर्षं वाया गेली.

५ सप्टेंबर

मजकूर म्हणून चाचांच्या मुलाने जुन्या माहितीपत्रकाची फाईल दिली. उत्तम मजकूर, चाचांनी स्वतः सांगून लिहवलेला. लाकूड कोणतं, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे कसे निवडतात, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कशाची. पण सगळं श्रीलिपीत. वेबसाईटवर चिकटवलं की इंग्रजी चिन्हांचा चिखल. जुनी फॉन्ट-आधारित मराठी ही दिसायला मराठी असते, संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. गुगलला तिथे 'तानपुरा' हा शब्द सापडू शकत नाही. जुन्या साईटवर तर हाच मजकूर कोरलड्रॉमधून चित्र करून डकवला होता, त्यातही गुगलला वाचायला काही नव्हतं.

कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या मराठीत, आणलं. रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसले, 'ऱ्या' तुटला, 'तानपुऱ्याची' हा नेमका महत्त्वाचा शब्द सगळीकडे चुकला. दोन रात्री मुद्रितशोधन. मराठी धंद्यांचं एसईओ करणाऱ्याला हे काम हटकून येतं. कोटेशन देताना याचे तास धरा, मी धरले नव्हते. साधारण १४ तास फुकट गेले.

१८ सप्टेंबर

साईट सुरू केली. पानं सातच : तानपुरा, सतार, दुरुस्ती, जवारी (घोडी घासून तारेचा नाद खुलवणं), पॅकिंग व पाठवणी, चाचांविषयी, संपर्क.

मराठी पत्त्याचा घोळ आधीच लक्षात आला. वर्डप्रेसमध्ये (साईट ज्यात बनवली ते साधन) पानाचं नाव देवनागरीत दिलं की पत्ताही देवनागरीत होतो आणि आतल्या आत एकेका अक्षराचे, मात्रेचेही, नऊ-नऊ चिन्हं होतात. मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं. 'तानपुऱ्याची जवारी कशी काढतात' या पानाचा पत्ता 'कशी-का' इथेच तुटला. व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबच लांब रांग. म्हणून पत्ते रोमन अक्षरांत, छोटे ठेवले, शीर्षक आणि मजकूर मराठीत.

शब्दांचा प्रश्न : सतार की सितार? चाचा आणि जुनी माणसं सतार म्हणतात, नव्या पिढीचे बरेच जण सितार टाईप करतात. शीर्षकात सतार ठेवली, मजकुरात ओघाने सितार येऊ दिला. दोन शब्दांसाठी दोन पानं केली नाहीत, कारण दोन्ही पानांवर तेच सांगावं लागलं असतं.

फोटो फोनमधून काढलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. पेजस्पीड, म्हणजे पान उघडण्याच्या वेगाच्या, तपासणीत मुख्य चित्र दिसायला ११ सेकंद. गुगलच्या मापाने अडीच सेकंदांच्या आत हवं. चित्रं दीड-दोनशे केबीपर्यंत आणली, ३.१ सेकंदांवर आलं. होस्टिंग स्वस्तातलं आहे, त्याखाली गेलं नाही, सोडून दिलं.

११ ऑक्टोबर

तेवीस दिवस झाले, सर्च कन्सोलमध्ये (साईट गुगलवर किती दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) शून्य. मी मजकूर बदलत राहिले, शीर्षकं बदलली, साईटमॅप (साईटच्या पानांची यादी) तीनदा पाठवला. आज शेवटी एक पान 'यूआरएल तपासणी'त घातलं, तेव्हा स्पष्ट लिहून आलं की साईटनेच गुगलला मनाई केली आहे. वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवण्याची एक खूण असते. साईट तयार होईपर्यंत मीच ती लावली होती आणि सुरू करताना काढायची राहिली.

एका टिचकीचं काम. नवरात्राचे सगळे दिवस त्यात गेले. आता लॅपटॉपजवळच्या भिंतीवर कागद चिकटवला आहे : साईट सुरू केल्याच्या दिवशीच यूआरएल तपासणी, मगच चहा.

चाचांच्या मुलाला सांगितलं आणि पहिल्या महिन्याचे देखभालीचे पैसे घेणार नाही म्हटलं.

२६ ऑक्टोबर

पैशांची ओढाताण. बचत ३१,००० वर. एका एजन्सीसाठी लेख लिहायला घेतले होते, शब्दाला ४० पैसे, हजार शब्दांचा लेख. महिन्यात २२ लेख दिले, ८,८०० झाले. मिळाले ५,०००, उरलेले 'पुढच्या आठवड्यात'.

पैशांइतकाच दुसराही त्रास आहे. काम असं की दुसऱ्या साईटवरचे लेख एआयमध्ये घालायचे, शब्द फिरवायचे, दिवसाला चार टाकायचे. मधुमेहावर, कर्जावर, शेतीच्या औषधांवर, ज्यातलं मला काही कळत नाही. कुणी ते वाचून फवारणी करेल ही भीती मला झोपताना वाटायची. मार्च २०२४ मध्ये गुगलने अशा घाऊक मजकुराविरुद्ध स्पष्ट धोरण आणलं आहे, तेव्हा अशा साईट टिकण्याची खात्रीही नाही. आज कळवलं की यापुढे करणार नाही. आईने शिवणाचे पैसे दिवाळीसाठी दिले.

९ नोव्हेंबर

नाशिकहून चाचांना फोन. भोपळ्याला तडा गेलेला लेडीज तानपुरा. बाई म्हणाल्या, पॅकिंगचं पान वाचलं, त्यातले फोटो बघून धीर आला. हे पान मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सोप्या भाषेत लिहिलं होतं. चाचांचा मुलगा तानपुरा कसा गुंडाळतो, घोडी काढून वेगळी कशी ठेवतो, भोपळ्याखाली गादी कशी देतो, लाकडी खोकं कसं ठोकतो, एकेक पायरीचा फोटो. सर्च कन्सोलमध्ये हे पान गेल्या दोन आठवड्यांत ६४ वेळा दिसलं आणि नऊ जणांनी उघडलं. आकडा छोटा आहे, पण दुरुस्तीचं ते एक काम ४,५०० रुपयांचं झालं.

कुणी कशासाठी शोधलं ते बघताना पन्नासेक शोधांत निम्मे मराठी शब्द रोमन अक्षरांत टाईप केलेले दिसले. त्यासाठी वेगळं रोमन पान करायची गरज पडली नाही, गुगलने मराठी पानच दाखवलं.

१५ डिसेंबर

मिरजेत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आहे, त्यांच्या संगीताच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. चाचांकडे त्या सुमारास गाण्याच्या क्लासवाल्यांचे फोन वाढतात हे वहीवरून कळलं. मग 'परीक्षेआधी तानपुऱ्याची काळजी' असं पान केलं. खुंटी सरकत असेल तर काय, जवारी कधी काढून घ्यावी, काळी एक आणि काळी चार या पट्ट्यांना तारा कोणत्या. चाचा बोलले, मी टिपलं, एक शब्द मनाचा घातला नाही. दोन क्लासच्या साईटनी त्या पानाची लिंक स्वतःहून दिली.

हे एवढं चांगलं चाललेलं असताना मी २,५०० रुपयांना ५०० बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटवरून आपल्या पानाकडे येणाऱ्या लिंक, विकत घेतल्या, माझ्या खिशातून. वर जाण्याची घाई झाली होती. यादी आली तर तानपुऱ्याच्या पानाला परदेशी जुगाराच्या आणि औषधांच्या साईटवरून लिंक. वर काही गेलं नाही. विकत घेतलेल्या लिंक गुगलच्या नियमांविरुद्ध आहेत आणि बहुतेक वेळा त्यांची यंत्रणा अशांकडे दुर्लक्ष करते, म्हणजे चांगल्यात चांगलं घडलं तरी पैसे पाण्यातच जाणार होते. चाचांना हे सांगितलं. त्यांचं नाव तसल्या यादीत गेलं याची मला लाज वाटते.

१२ जानेवारी २०२५

फिजिओ मॅडमनी ओळख दिलेली दोन कामं सुरू झाली, मिरजेत एक दातांचा दवाखाना आणि एक तपासणी प्रयोगशाळा. प्रत्येकी ४,००० एकरकमी आणि दरमहा ३,०००.

आता एक पानी करार करते, मराठीत. त्यातल्या चार ओळी अनुभवाने आल्या आहेत. पहिल्या नंबरची हमी नाही, कारण ती कुणाच्याच हातात नाही. डोमेन, प्रोफाइल, सर्च कन्सोल यांची मालकी तुमची, मला व्यवस्थापक म्हणून प्रवेश. फोनची वही ठेवली तरच काम. निम्मे पैसे आगाऊ. दातांच्या डॉक्टरांनी हमीची ओळ वाचून विचारलं, 'मग पैसे कशाचे?' मी मॅडमच्या वहीची सहा महिन्यांची पानं (नावं झाकून) दाखवली. त्यांनी सही केली.

जीएसटीचं बिल मागतात. सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, साधं बिल देते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली, ती सरकारी साईटवर पूर्ण फुकट होते. पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साईट आहेत, तिथे जाऊ नका.

२ मार्च

तासगावच्या बेदाणा व्यापारी दादांचं काम दोन महिन्यांचं होतं, ८,००० ला. त्यांना गर्दी हवी होती. 'बेदाणा भाव आज' हे लोक रोज शोधतात, म्हणून सौद्यांचे भाव रोज टाकायचं पान केलं. रोज संध्याकाळी पाऊण तास. पान चाललं, दिवसाला तीन-साडेतीनशे लोक. त्यातले फोन? दोन महिन्यांत सहा, आणि सहाही शेतकरी, 'आमचा माल कितीला घ्याल?' विचारणारे. दादांना माल विकायचा होता, किलो-दोन किलो घरी मागवणाऱ्यांना. चूक माझी होती. शोधणारा माणूस विकणारा आहे की घेणारा, हे मी सुरुवातीला विचारलंच नाही. बाकावर बसून ऐकण्याऐवजी आकड्याच्या मागे गेले.

पुढे करायचं तर डबे, वजन, पाठवणीचा दर यांची पानं लागतील, हे त्यांना सांगितलं. त्यांनी हंगाम संपल्यावर बघू म्हटलं.

२३ मार्च

चाचांच्या साईटवर 'जवारी म्हणजे काय' हे पान सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात कमी उघडलं जातं. गेल्या महिन्यात ९४० वेळा दिसलं, १२ जणांनी उघडलं. गुगल आता बऱ्याच प्रश्नांना वरच एआयचं उत्तर देऊन टाकतं, विशेषतः इंग्रजीतल्या. उत्तर तिथेच मिळालं की माणूस खाली येत नाही. दुरुस्ती आणि पॅकिंगच्या पानांचं तसं झालेलं नाही, कारण तिथे माणसाला उत्तर नको असतं, कारागीर हवा असतो. नव्या कामात 'म्हणजे काय' छापाची पानं मी शेवटी ठेवते.

५ एप्रिल

मार्चअखेरचा हिशेब. फिजिओ मॅडम २४,०००. चाचा ९,००० आणि डिसेंबरपासून दरमहा २,५०० प्रमाणे १०,०००. दातांचा दवाखाना आणि प्रयोगशाळा मिळून २६,०००. बेदाणा ८,०००. एजन्सी ५,०००, उरलेले ३,८०० आलेच नाहीत. एकूण ८२,०००.

खर्च : क्लास १४,०००, डोमेन-होस्टिंग ३,०३७, लिंक २,५००, बस-रिक्षा ६,४००, इंटरनेट-फोन ७,२००. एकूण ३३,१३७.

हाती ४८,८६३, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. मार्चमध्ये छापखान्याच्या पगारापुढे गेले, १५,५००, पण बेदाण्याचं काम संपल्यामुळे एप्रिल पुन्हा ११,५०० वर येईल. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय यात उडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याकडे साडेचार महिन्यांचा होता आणि ऑक्टोबरमध्ये त्यापायीच नको ते लेख लिहिले.

१९ एप्रिल

मॅडमचं दुसरं केंद्र जयसिंगपूरला होतंय. प्रोफाइल आजच उघडूया म्हणाल्या. नको म्हटलं. पडताळणीसाठी सलग व्हिडिओ मागतात : बाहेरचा रस्ता, बोर्ड, मग आत जाऊन उपकरणं आणि जागा आपल्या ताब्यात आहे हे दिसेल असं काही. बोर्डच नसताना ते जमणार नाही. शिवाय या वेळी नाव बोर्डावर असेल तेच, अक्षर न् अक्षर.

बोर्डाची जुळणी मीच करून दिली, मराठी नाव मोठं, खाली 'घरी येऊन व्यायाम' एवढंच. भाडेकरार आणि वीजबिलाच्या प्रती फोल्डरमध्ये आल्या. बोर्ड मंगळवारी लागतोय. त्या दुपारी रिसेप्शनच्या बाकावर बसायला जाणार आहे, तिकडे कंबर धरली म्हणतात की आणखी काही ते ऐकायला.